कब्जेदार सदरी माझे नाव

मालकी ही चीज मनुष्याला प्रथम कोणत्या वस्तूच्या रूपाने भेटावी, हे ठरविणे त्याच्या हाती नसते. कोणाला ती परसातील पेरूच्या झाडाच्या रूपाने भेटते, कोणाला मुंजीत आलेल्या मनगटी घड्याळाच्या, तर कोणाला थोरल्या भावाला अपुरी पडू लागलेल्या सायकलच्या. मला ती 1991 सालच्या मे महिन्यात, मस्कतहून रजेवर आलेल्या मामाच्या बॅगेतून, दोन अत्तराच्या कुप्या, वाघाचे चित्र असलेले एक ब्लँकेट आणि खजुराचे तीन पुडे यांच्या तळाशी निघालेल्या एका राखी रंगाच्या यंत्राच्या रूपाने भेटली. यंत्र अर्ध्या विटेएवढे होते, आणि हातात घेतल्यावर विटेशी असलेले त्याचे नाते केवळ आकारापुरते नाही अशी खात्री पटे. वरच्या अंगाला शेवाळी रंगाची काच, काचेच्या डाव्या बाजूस इवलासा तांबडा दिवा, खाली डाव्या अंगठ्यासाठी बेरजेच्या चिन्हासारखी काळी कळ, उजव्या अंगठ्यासाठी फोडलेल्या करवंदाच्या रंगाची दोन बटणे, आणि कोपऱ्यात आवाज बाहेर पडावा म्हणून पाडलेल्या तिरप्या चिरा. जपानात 1989 च्या एप्रिलमध्ये विक्रीस आलेला निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय तो हा. साताऱ्यात तोवर तो कोणी पाहिलेला नसावा. निदान आमच्या आळीत तरी पाहिलेला नव्हता, आणि अकरा वर्षांच्या मुलाला आळीपलीकडच्या जगाशी फारसे कर्तव्य नसते.

"हा घे, तुझा," एवढे तीनच शब्द मामा बोलला आणि चहा प्यायला आत गेला. ना साक्षीदार, ना मुद्रांक, ना चतुःसीमा! आता ज्या घराच्या ओटीवरील झोपाळ्यावर, महसूल खात्यात तेहतीस वर्षे काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आजोबा सकाळ-संध्याकाळ बसून असत, आणि ज्या घरात आंब्याच्या पेटीतील आंबेसुद्धा मोजून, त्यांची प्रतवारी करून आणि वाटपाचा क्रम जाहीर करूनच खाल्ले जात, त्या घरात इतक्या ढिलाईने झालेले हस्तांतरण निर्वेधपणे अमलात येईल, ही मामाची कल्पना त्याच्या परदेशी वास्तव्याची द्योतक होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आजोबांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांनी प्रथम यंत्रासोबतची इंग्रजी पुस्तिका मागवून घेतली आणि चष्मा पुसून ती अथपासून इतिपर्यंत वाचली. पुस्तिकेत यंत्राच्या पाठीत खुपसावयाच्या, काड्यापेटीहून थोड्या मोठ्या अशा चौकोनी वडीला 'कार्ट्रिज' म्हटलेले होते. अण्णांनी पुस्तिका मिटली आणि मामाला विचारले, "काय हो, हे काडतूस आणलंत खरं, पण याचा परवाना?"

नोकरीच्या उमेदीच्या काळात अण्णांकडे बंदुकीच्या परवान्यांचे टेबल होते. शिवाय शब्दार्थाच्या दृष्टीने त्यांचे काहीच चुकले नव्हते, कारण आपले काडतूस पोर्तुगीजांच्या ज्या शब्दावरून आले, त्याच्याच भाऊबंदांपैकी इंग्रजांचा हा शब्द आहे. मामा मात्र गडबडला. "काडतूस नव्हे अण्णा, कॅसेट म्हणतात त्याला."

"कॅसेट?" आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग त्यात भजनं लागतात का?"

भजने लागत नव्हती. जे लागत होते ते असे, की यंत्राच्या डोक्यावरची कळ सरकविली म्हणजे कंपनीचे नाव पडद्याच्या वरच्या काठावरून एखाद्या संस्थानिकाच्या संथ चालीने खाली उतरे, मध्यावर येऊन थांबे आणि 'टिंग' असा एक स्वच्छ नाद होई. देवघरातील घंटेशी त्याचे इतके साम्य होते, की पहिल्या दिवशी आजीचे हात आपोआप जोडले गेले. त्यानंतर एक रशियन लोकगीत सुरू होई, ज्याची चाल आठवडाभरात आमच्या घरातील प्रत्येकाच्या तोंडी बसली. काकूला तर ते पोळ्या लाटताना गुणगुणण्याची इतकी सवय जडली, की एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिला, हे कुठल्या नाटकातलं पद, म्हणून विचारले.

खेळ टेट्रिसचा. तो ज्याने खेळला नाही असा मनुष्य आता विरळा. तरी विधिपूर्वक सांगावयाचे तर, दहा घरे रुंद आणि अठरा घरे उंच अशा एका हौदात वरून एकामागून एक तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा असतो, तुकड्यांचे प्रकार सात, आणि ते फिरवून-सरकवून असे बसवावयाचे की आडवी ओळ भरून जावी. ओळ भरली की नाहीशी होते, न भरली की रास वाढत जाते, आणि रास काठाला लागली की संपले. या सात तुकड्यांचे नामकरण पहिल्याच संध्याकाळी आजीने केले. चौकोनी तो पाट, लांबुडका तो लाटणे, एका टोकाला वळलेली ती उजवी विळी आणि डावी विळी, नागमोडी त्या दोन पायऱ्या, आणि मधोमध उंचवटा असलेली ती टोपी. ही परिभाषा इतकी नेमकी होती की तिच्याविना खेळ शिकविणे आम्हांला पुढे अशक्य झाले. आजीने यंत्राला आयुष्यात कधी हात लावला नाही, परंतु माझ्या खांद्यावरून डोकावून "विळी तिकडे, विळी तिकडे, अरे लाटण्याला जागा ठेव!" असे ती ज्या अधिकारवाणीने सांगे, ती वाणी जन्मभर एकाच फडताळात दोन संसारांचे डबे रचलेल्या बाईची होती. लाटणे उभे बसवून एका दमात चार ओळी उडविल्या की पहिल्या पायरीवर 1200 गुण मिळतात, आणि एकच ओळ उडविली तर केवळ 40, हा हिशोब कळल्यावर तिने सुटी ओळ उडविणाऱ्याला 'उधळ्या' ठरवून टाकले.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे मालकीकडे वळतो. आम्ही मुले घरात पाच: मी, माझी धाकटी बहीण, काकांचे दोन मुलगे आणि सुटीपुरती येणारी आतेबहीण. शेजारचा एक मुलगा जेवणाखेरीज सर्व प्रसंगी आमच्यातच गणला जाई. तो धरून सहा. यंत्र एक, आणि त्याचा पडदा असा की समोरून पाहणाऱ्याला दिसे, शेजाऱ्याला अर्धवट दिसे, आणि पलीकडच्याला केवळ हिरवे धुके दिसे. चौथ्या दिवशी त्या धुक्यावरून मारामारी झाली. पाचव्या दिवशी अण्णांनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतले.

त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही काढली, पहिल्या पानावर सात-बाराच्या उताऱ्याबरहुकूम आडव्या-उभ्या रेषा मारल्या आणि कब्जेदार सदरी माझे नाव लिहिले. ते पाहून मला धन्य वाटले. परंतु उताऱ्यावर 'इतर हक्क' असाही एक रकाना असतो, आणि जमिनीचा सारा घोळ त्या रकान्यात दडलेला असतो, हे ज्ञान मला तेव्हा नव्हते. इतर हक्कांत अण्णांनी उरलेल्या पाचही जणांची नावे घातली, प्रत्येकाच्या नावापुढे रोज अर्धा तास लिहिला, आणि दस्तुरखुद्द मालकाच्या नावापुढेही अर्धाच तास लिहिला. मी तक्रार केली. "तू कब्जेदार आहेसच," अण्णा शांतपणे म्हणाले, "कोण नाही म्हणतो? पण विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात त्याला मालक तरी काय करणार?"

थोरला चुलतभाऊ तेव्हा नववीत होता, आणि नववीत नागरिकशास्त्र असते. त्याने दुसऱ्याच आठवड्यात अण्णांपुढे येऊन विचारले, "अण्णा, कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली ना?"

"झाली. 1957 च्या एक एप्रिलला."

"मग मी याच्यापेक्षा जास्त गुण काढतोय. कसतोय मीच."

अण्णांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान विलसले, ते मी त्याच्या बोर्डाच्या निकालालाही पाहिले नाही. अर्ज फेटाळण्यात आला खरा, कारण अर्जदार मुदत संपल्यावर चौतीस वर्षांनी आला होता. पण अर्जाची नोंद वहीत सन्मानपूर्वक झाली, आणि मला मात्र त्या रात्री कुळाने जमीन बळकावल्याची स्वप्ने पडली.

वही तेवढ्यावर थांबली नाही, याला कारण त्या काडतुसातील एक उणीव. टेट्रिसच्या काडतुसात स्मरणाची सोयच नव्हती. तुम्ही घाम गाळून सर्वाधिक गुण काढावेत, यंत्राने तुमचे नाव विचारून ते पहिल्या क्रमांकावर मांडावे, आणि कळ बंद केली की सारे दप्तर कोरे! पुन्हा चालू करावे तो जगात अद्याप कोणी खेळलेलेच नाही, असा त्याचा निरागस आविर्भाव. ही गोष्ट अण्णांना कळली तेव्हा ते क्षणभर काही बोललेच नाहीत. ज्या मनुष्याने कार्यालयीन आयुष्यात एकही कागद गहाळ होऊ दिला नाही, त्याच्या घरात आता रोज संध्याकाळी एक संबंध दफ्तरखाना जळून खाक होत होता. तेव्हापासून वहीत नोंदी सुरू झाल्या: अनुक्रमांक, दिनांक, खेळणाराचे नाव, वेळ सुरू, वेळ बंद, गुण, शेरा, तपासणाऱ्याची सही. अण्णांच्या दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून तो पडदा त्यांना अखेरपर्यंत दिसला नाही. वर धरला तरी धुके, खाली धरला तरी धुके. त्यामुळे गुण दोन पंचांनी समक्ष वाचावेत आणि त्यांत एक तरी पंच विरुद्ध पक्षाचा असावा, असा दंडक पडला. शेऱ्याच्या रकान्यात मात्र अण्णांची स्वतंत्र प्रतिभा प्रकट होई. "घाई नडली." "गुण मान्य, पालथे पडून खेळणे अमान्य." "मजकूर खेळाडू हरल्यावर रडल्याचे पंच सांगतात, खेळाडू नाकबूल." एका जागी तर नुसतेच आहे: "लाटणे आले नाही."

पुष्कळ वर्षांनी मी या खेळाच्या निर्मात्याची हकीगत वाचली, आणि मालकीच्या बाबतीत मी एकटाच भोळा नव्हतो हे पाहून बरे वाटले. अलेक्सेई पाजित्नोव हा मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातील गृहस्थ. त्याने 1984 साली हा खेळ ज्या एलेक्ट्रोनिका 60 नामक संगणकावर रचला, त्याला चित्रे काढता येत नव्हती; म्हणून त्याने तुकडे कंसांच्या चिन्हांनी दाखविले. खेळ लोखंडी पडद्यातून झिरपत बाहेर गेला, तो विकण्याचे हक्क आपल्याकडेच आहेत असे सांगणारे लोक लंडनपासून अमेरिकेपर्यंत उभे राहिले, आणि 1989 च्या फेब्रुवारीत हेंक रॉजर्स नावाचा जपानात धंदा करणारा मनुष्य चक्क पर्यटकाच्या व्हिसावर मॉस्कोत उतरून, संगणकीय मालाच्या परदेशी विक्रीचे काम पाहणाऱ्या एलोर्ग या सरकारी कचेरीच्या दारात जाऊन थडकला. हातात धरावयाच्या यंत्रासाठीचे हक्क त्याने तेथून मिळविले, म्हणून तर आमच्या वडीत टेट्रिस निघाला. या साऱ्या धामधुमीत खुद्द पाजित्नोवने आपले हक्क दहा वर्षांसाठी सरकारला देऊन टाकलेले होते! जगभर लक्षावधी काडतुसे खपली आणि निर्मात्याला त्याच्या खेळाचे मानधन मिळू लागले ते 1996 पासून. कब्जेदार सदरी नाव त्याचे, इतर हक्कांत संबंध सोव्हिएत युनियन. मला निदान रोजचा अर्धा तास तरी होता.

परंतु मालकी कोणाचीही असो, पीक शेवटी पाण्यावर. आणि आमच्या यंत्राचे पाणी म्हणजे पेन्सिल सेल. एका वेळी चार लागत. पुस्तकी हिशोबाने चार सेलांत ते पंधरा तासांच्या आसपास चालावे. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, उदबत्त्यांच्या आणि बुटाच्या पॉलिशच्या मधल्या फळीवर किती पावसाळे काढले होते कोणास ठाऊक अशा सेलांवर ही मुदत बरीच आखडती येई. तांबडा दिवा प्रथम निखाऱ्यासारखा असे, मग विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखा होई, आणि नेमके लाटणे उतरत असताना पडदा फिका पडत पडत अंतर्धान पावे. अण्णा लिहीत: "सेलांअभावी कामकाज तहकूब." नवे चार सेल पंधरवड्यातून एकदाच मिळतील असा वडिलांचा हुकूम होता, आणि अर्जावर आईची शिफारस लागे.

अशा टंचाईत मनुष्य काय काय करतो! सेल तळहातावर चोळून पाहावेत, दातांनी किंचित चावावेत, त्यांच्या जागा आपसांत बदलाव्यात (जणू दमलेल्या बैलांपैकी डावा उजवीकडे जुंपल्याने नांगर चालणार आहे), आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे उन्हात ठेवावेत. मे महिन्यात गच्चीवर आजीचे वाळवण पडलेले असे. एका धोतरावर कुरडया, दुसऱ्यावर सांडगे, आणि सांडग्यांच्या कडेने आमचे चार सेल ओळीने निजविलेले. कावळे राखावयाचे काम आम्हां मुलांकडे होतेच. ते आता आम्ही अपूर्व निष्ठेने करू लागलो. उन्हाने सेलांत दहा-पंधरा मिनिटांचा जीव येई असा आमचा अनुभव होता, आणि अनुभवापुढे पदार्थविज्ञानाने गप्प राहावे. त्या वर्षी श्रावणात काकूने सांडगे तळायला काढले तेव्हा डब्यातून तीन वाट्या सांडगे आणि एक सेल निघाला. आजीने तो पुसून अण्णांच्या स्वाधीन केला. अण्णांनी जमा केला.

आता जो प्रसंग सांगावयाचा, तो सांगताना माझी मान अजूनही थोडी खाली जाते. जून संपत आला होता, पंधरवडा सरायला चार दिवस होते, आणि चार सेलांपैकी एकाने राम म्हटला होता. ओटीवरच्या भिंतीवर एक सेलवर चालणारे घड्याळ होते. जुने किल्लीचे घड्याळ काढून वडिलांनी ते हौसेने लावलेले. दुपारी सर्व निजलेले पाहून मी स्टुलावर चढलो, घड्याळातला टवटवीत सेल काढला, त्याच्या जागी आमच्यातला मरणोन्मुख सेल बसविला, आणि घड्याळ चालते आहे अशी खात्री करून खाली उतरलो. यात पाप होते हे मला कळत होते. परंतु त्यात अर्थशास्त्रही आहे, हे मला संध्याकाळी कळले. कारण पाळी मोजली जाई ती त्याच घड्याळावर. घड्याळ मागे पडू लागले, आणि माझा अर्धा तास लांबत चालला. पहिल्या दिवशी तो पाऊण तासाला टेकला. खेळ असा ऐसपैस, अशा निवांतपणी मी कधी खेळलो नव्हतो. त्या दिवशीचे माझे गुण 61,000 च्या वर आहेत, आणि शेरा आहे: "प्रगती स्तिमित करणारी."

तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांची कराडची एस.टी. चुकली. घड्याळात सात वाजून दहा मिनिटे झाली असताना ते डबा घेऊन बाहेर पडले, आणि राजवाड्यापर्यंत पोहोचतात तो गाडी केव्हाच गेलेली. ते परत आले ते घड्याळाकडे बघतच आले. मग स्टूल आले, झाकण उघडले गेले, आणि आतून जो सेल निघाला त्याच्यावर माझ्या दातांच्या खुणा होत्या.

चौकशी ओटीवर झाली. वडील रागावले ते एस.टी. चुकली म्हणून, त्यांचा राग दोन चपराकींचा होता आणि दहा मिनिटांत निवळला. अण्णांचे तसे नव्हते. त्यांनी वही मागवली, गेल्या तीन दिवसांतल्या माझ्या नोंदींवर बोट ठेवले, चुलतभावाची जबानी घेतली (त्याने आपल्या पाळीतही वेळ लांबल्याचा उल्लेख सोयीस्करपणे टाळला) आणि ठपका सुनावला: कालमापनाच्या सार्वजनिक साधनात फेरफार करून वेळेचा अपहार. शिक्षा, यंत्राची आठ दिवस जप्ती; आणि ते 61,000 गुण लाल शाईने रद्द. चपराकी मी विसरलो. ती लाल रेघ विसरलो नाही.

सेलांखालोखाल दुष्काळ उजेडाचा. या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. पुस्तकाप्रमाणे त्याच्यावर बाहेरून उजेड पडावा लागे. त्यामुळे दुपारी आम्ही अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत सरकत विहिरीपासून तुळशीवृंदावनापर्यंत जात असू, आणि तेथून पुढे सूर्य शेजाऱ्यांच्या हद्दीत जाई. रात्रीच्या प्रवासात याची खरी कसोटी. एकदा पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने परतताना वाहकाने आतले दिवे मालवले आणि माझ्या हातात निव्वळ काळोख उरला. मग खंबाटकी घाट लागला. समोरून ट्रकांची रांग येत होती. प्रत्येक वळणावर एका ट्रकचा झोत काचेतून आत येई, दोन-तीन सेकंद पडदा उजळे, तेवढ्यात काय ते पाहावे, मनात नकाशा साठवावा आणि पुढच्या ट्रकपर्यंत अंधारात बोटांच्या भरवशावर तुकडे बसवावेत. डावी विळी दिसली होती. ती खरोखर डावीकडे गेली की नाही, हे पुढच्या वळणावर कळणार. घाट उतरेपर्यंत मी पंधरा ओळी उडविल्या. शेजारी बसलेल्या, फेटा बांधलेल्या एका गृहस्थांनी तोवर माझे पूर्ण निरीक्षण केले होते. "पोरा, काय हाय त्यात?" त्यांनी विचारले. मी त्यांच्या हाती यंत्र दिले. पुढच्या ट्रकच्या झोतात त्यांनी पाहिले, परत दिले आणि म्हणाले, "बांधकाम हाय व्हय!" याहून नेमके वर्णन मी अद्याप वाचलेले नाही.

रंगीत, आतून उजळणारी यंत्रे त्या काळात जगात नव्हती असे नाही. सेगा कंपनीचा गेम गिअर 1990 मध्येच आलेला होता. त्याचे चित्र मामाने पाठविलेल्या एका मासिकात आम्ही पाहिले आणि हळहळलो. पण त्याला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत, हा तपशील अण्णांनी वाचून दाखविला तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, त्यावरून आम्ही समजून गेलो की रंग हा सद्‌गृहस्थांचा विषय नव्हे. गेम बॉयचा कर्ता गुन्पेई योकोई नेमके हेच जाणून होता. निन्टेन्डो ही 1889 साली क्योतोत खेळावयाचे पत्ते बनविण्यासाठी निघालेली पेढी. योकोई 1965 मध्ये तेथे त्या पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करावयास लागला आणि फावल्या वेळात खेळणी करता करता कंपनीचा कारागीरश्रेष्ठ होऊन बसला. त्याचे तत्त्व असे, की जे तंत्र नवे-कोरे आणि महाग आहे त्याच्या मागे धावू नये. जे वाळून जुने झाले आहे, स्वस्त झाले आहे, ज्याच्या सर्व खोडी माहीत झाल्या आहेत, ते उचलावे आणि भलत्याच कामाला लावावे. गणकयंत्रातल्या पडद्याच्या जातीचे तंत्र घेऊन त्याने 1980 मध्ये गेम अँड वॉच काढले, आणि पुढे त्याच वळणाने 160 गुणिले 144 ठिपक्यांचा, करड्याच्या चार छटांचा हा गेम बॉय. या तत्त्वावर व्यवस्थापनशास्त्राचे लोक मोठमोठी व्याख्याने देतात असे ऐकतो. आमच्या आजीला ते ऐकविले असते, तर तिने जुन्या लुगड्यांच्या गोधडीला टाका घालता घालता विचारले असते, की मग यात नवीन काय सांगितलंत? हे यंत्र त्या गोधडीइतकेच चिवट होते. ते झोपाळ्यावरून पडले, जिन्यावरून गडगडले, एकदा ताकात पडले. आखाती युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात होरपळलेला असाच एक गेम बॉय, कवच वितळलेले असूनही टेट्रिस दाखवीत, कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात कैक वर्षे ठेवलेला होता. ताकाचे काय घेऊन बसलात!

माझी मालकी निर्वेध झाली ती चार-पाच वर्षांनी, आणि कोणत्याही कायद्याने नव्हे. जत्रेत, एस.टी. स्टँडवर, फेरीवाल्यांच्या हातगाडीवर '9999 इन 1' असे बढाईखोर नाव मिरविणारी चिनी ब्रिक गेमची यंत्रे येऊन पडली. आत खेळ खरोखरीचे दहा-बारा, बाकी त्यांचेच वेष पालटलेले अवतार. पण टेट्रिसची नक्कल होती आणि किंमत खाऊच्या पैशांत बसणारी. चुलतभावाने एक घेतले. बहिणीला भाऊबीजेला एक मिळाले. शेजारच्याने तर दोन घेतली आणि आमच्याकडे येणे सोडले. इतर हक्कांचा रकाना एकेक नावाने रिकामा होत गेला. एके संध्याकाळी अण्णांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "आता वाटेल तेवढा वेळ खेळ, तुला कोण विचारणार आहे?" मी त्या दिवशी वीस मिनिटे खेळलो आणि यंत्र ठेवून दिले. 1991 पासून मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो, तो हाच होता म्हणे.

गेल्या दिवाळीत साताऱ्याचे घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत, अण्णांच्या पेन्शनच्या कागदांखाली, लाल कापडात गुंडाळलेली ती वही आणि ते यंत्र सापडले. दोन्ही पुण्याला घेऊन आलो. सेलांच्या खोबणीतल्या पत्र्यांवर हिरवट क्षार चढले होते. ते लिंबू चोळून, मग पॉलिशपेपरने घासून काढले. काडतुसाला सवयीने फुंकर घातली. खणात सेल शोधले तर तीनच निघाले. चौथा कुठूनसा मिळवून बसविला. कळ सरकविली. नाव संथपणे उतरले, मध्यावर थांबले, टिंग झाले. पडद्यावरच्या तीन उभ्या ओळी वयोमानाने गळून गेल्या आहेत, तरी तुकडे ओळखू येतात. पत्नी आतून म्हणाली, "कसली हो घंटा वाजली?"

मी वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली नवा अनुक्रमांक टाकला, दिनांक, नाव, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ सुरू, चार वाजून दहा. मग बैठक मारून खेळलो. पायऱ्या आल्या, टोप्या आल्या, विळ्या आल्या; लाटणे अजूनही हवे तेव्हा येत नाही. खेळ संपला तेव्हा बाहेर काळोख पडला होता आणि गुण 38,412 झाले होते. पंच म्हणून पत्नीने ते वाचले. वेळ बंद लिहिण्यासाठी मी मान वर करून घड्याळाकडे पाहिले. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. चौथा सेल मी कुठून घेतला होता, ते मला तेव्हा आठवले. पण दप्तर हे दप्तर. समोर दिसेल तेच लिहावे लागते. वेळ सुरू 4:10, वेळ बंद 4:10. तपासणाऱ्याच्या सहीची जागा सोडून मी वही मिटली, आणि घड्याळासाठी सेल आणायला वाण्याकडे निघालो.